मोहाच्या दिवसांतला दुखवटा

मोह पडायला लागला. पहाटे दार उघडलं की आधी वास घरात येतो, उजेड मागून येतो. हिंगणीहून धरणाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं वावर आहे आणि धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, जंगल सुरू होतं. तिथली मोहाची झाडं या दिवसांत पानं टाकून उघडी होतात आणि रात्रभर टपटप फुलं गाळत राहतात. जंगल बघायला आलेली माणसं गाड्या थांबवून हा वास छाती भरून घेतात, "किती गोड!" म्हणतात. मी पदर नाकाला लावते. बाईला सर्दी झाली असेल असं त्यांना वाटतं. वाटू दे. या वासानं माझ्या पोटात गोळा येतो हे रस्त्यावरच्या माणसाला कुठे सांगत बसू?

गोळा दरवर्षीच येतो. यंदा जास्त आला, कारण परवा पालकाच्या जुड्या बांधता बांधता माझा नवरा म्हणाला, "मनोहरले बोलवा लागते दुखवट्याले. आपली बारी हाय आता."

मी जुडी सोडली, पुन्हा बांधली, पुन्हा सोडली. "बोलवा लागनच का?" मी विचारलं.

"न बोलवून कसं चालन? त्याची बायको गेली."

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. पण इथे सगळीकडे 'हे आले, हे गेले' असं लिहीत बसले तर कोण आलं नि कोण गेलं ते वाचणाऱ्याला कळायचं नाही. म्हणून घेते: सुधाकर. एकेरीतही घेते. इतक्या वर्षांच्या संसारात एवढी सूट मी नक्की कमावली आहे.

दुखवटा म्हणजे काय ते परगावच्या वाचकांना सांगायला हवं. घरातलं माणूस गेलं, तेरवी झाली, तरी त्या घराचं दुःख संपलं असं आमच्याकडे धरत नाहीत. त्या घरात तळण होत नाही, गोडधोड होत नाही. मग नात्यातलं एकेक घर त्यांना जेवायला बोलावतं. पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला ब्लाउजपीस किंवा लुगडं, आणि पुरी-बुंदीचा घास देऊन तोंड गोड करतात. रीत चांगली आहे. दुःखातल्या माणसाला एकटं पडू देऊ नये म्हणून कुण्या शहाण्यानं ती काढली असणार. पुढे तिच्या पोटात काय शिरेल हे त्या बिचाऱ्याला कुठे ठाऊक होतं!

आमचा जिल्हा दारूबंदीचा. दुकान नाही, पाटी नाही, बार नाही. त्यामुळे दारू कुठेच नसते आणि कुठेही असते. कुटाराच्या, म्हणजे भुशाच्या ढिगात असते, मोटारीच्या खोलीत असते, जंगलातल्या नाल्याच्या काठी सडव्याच्या, म्हणजे आंबवत ठेवलेल्या मोहाच्या ड्रममध्ये असते. आणि जी वस्तू उघड विकत मिळत नाही, ती कुणी घरातून काढून दिली की तिला मानाच्या पाहुणचाराची कळा येते. दुखवट्याला आलेल्या पुरुषाला जेवणाआधी मागच्या अंगणात नेतात, खाटेवर बसवतात आणि म्हणतात, जराक घे, झोप लागते. देणारा वाईट मनानं देत नाही. त्याच्याही डोळ्यांत पाणी असतं. म्हणून तर त्याचा राग करता येत नाही आणि रागाशिवाय दुसरं काही सुचतही नाही.

काही वर्षांमागे आमच्या घरातून दीपक गेला. सुधाकरचा धाकटा भाऊ. थंडी सरत आली होती, वांग्याला पाणी चालू होतं. छातीत कळ आली म्हणून तो वाफ्यातच बसला, आणि सेलूच्या दवाखान्यात नेईपर्यंत संपलेलं होतं. पोरी बघणं सुरू होतं त्याचं. मला वहिनी म्हणायचा, पण भाजीत मीठ कमी पडलं की माझ्या सासूपेक्षा जास्त टोमणे त्याचेच असायचे.

या दोघा भावांची पाणी देण्याची एक पद्धत होती. एक जण विहिरीपाशी मोटारीजवळ उभा राहायचा, दुसरा तिकडे शेवटच्या वाफ्यात फावडं घेऊन. वाफा भरला की तिकडून आरोळी यायची, "बंद कऽऽर!" इकडून उत्तर जायचं, "केलीऽऽ!" मोबाइल दोघांच्याही खिशात होते, पण पाणी देताना त्यांनी कधी फोन लावला नाही. सकाळभर त्या आरोळ्या वावरावरून जात-येत राहायच्या. मला त्यांची इतकी सवय होती की त्यावर माझं स्वयंपाकाचं घड्याळ चालायचं.

दीपक गेल्यानंतर पहिल्यांदा सुधाकर पाणी द्यायला गेला तेव्हा मी भाकरी थापत होते. तिकडून आरोळी आली, "बंद कऽऽर!" आणि उत्तर गेलं नाही. पुन्हा आली. पुन्हा. मी पिठाच्या हातानं धावत जाऊन मोटार बंद केली आणि ओरडले, "केलीऽऽ!" माझा आवाज ऐकून तो शेवटच्या वाफ्यातून फावडं टाकून निघून गेला. वाफे फुटले होते, पाणी धुऱ्यावरून वाहून चाललं होतं. त्यानंतर मी बटण दाबायचे, पण ओरडत नसे.

तेरवी झाली आणि लगोलग मोह पडायला लागला. दुखवट्याची बोलावणीही तेव्हाच सुरू झाली. पहिलं घर सिंदी रेल्वेचं. सुधाकरचा मामेभाऊ मनोहर तिथे राहतो. त्याची बायको शोभा पुऱ्या लाटत होती, मी तळत होते. दुखवट्याच्या पाहुणीला काम करू देत नाहीत, पण शोभा वेगळी होती. ती म्हणाली, "हाताले काम असलं का डोकं जराक गप बसते. तळ तू." एवढं शहाणपण त्या दिवशी त्या घरात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं.

स्वयंपाकखोलीच्या खिडकीतून मागचं अंगण ऐकू येत होतं.

"मी घेत नाई, तुले माहीत हाय," सुधाकर म्हणत होता.

"आज घे. तुहे डोळे पाह्य बे. किती दिवस झाले झोपला नाई?" मनोहरचा आवाज रडवेला होता. "मी का तुहा दुश्मन हाय?"

मी शोभाकडे बघितलं. तिनं लाटण्यावरची नजर वर केली नाही. मग पेल्याचा आवाज आला.

त्या रात्री सुधाकर झोपला. दीपक गेल्यापासून पहिल्यांदा सलग, घोरत झोपला. सकाळी सासूबाईंनी त्याच्या पायांवर पांघरूण सारखं केलं आणि मला हळूच म्हणाल्या, "झोपलं वो बाई लेकरू." त्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी जरा उजेड आला होता.

मग बोरगाव मेघेला नणंदेकडे. तिथे मागचं अंगण नाही, नवी वस्ती आहे, घराला घर लागून. पण गच्ची आहे. नंदोयांनी नागपूरहून येताना आणून ठेवलेली बाटली होती आणि काचेचे पेले होते. मग हिंगणीतलीच दोन-तीन घरं. कुणाकडे मोहाची, पहिल्या धारेची, खास सुधाकरसाठी मागवलेली. प्रत्येक ठिकाणी मी आत बायकांत बसायचे आणि बाहेरचं ऐकायचे. नको म्हणायला गेले असते तर? दुखवट्याच्या ताटावरून उठणं म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान. आणि मी म्हणणार कुणाला? सगळे आमच्यावर माया करत होते. मायेनं माणसाच्या हातात पेला देत होते.

दुखवट्याची घरं संपली. सुधाकर थांबला नाही. बोलावणं नसलं तरी तो संध्याकाळी दुखवट्याला निघायला लागला.

भीती काय असते ते मी त्या मोसमात शिकले. त्याआधी मी स्वतःला धीट समजत असे. सापाला फावड्यानं उचलून बाजूला टाकणारी बाई मी, मला वाटायचं आपल्याला कशाचं भय नाही. पण दिवस कलला की मी हातातलं काम टाकून ओट्यावर यायचे. कान लांब व्हायचे. रस्त्यावरून येणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलचा आवाज मी फाटकापर्यंत मोजत आणायचे. आमची गाडी वळणावर आली की गिअर बदलण्याच्या आवाजावरून मला कळायचं, आज किती. आवाज आलाच नाही की त्याहून वाईट. वाटेतल्या कालव्याचा पूल डोळ्यांसमोर यायचा. त्याला कठडा नाही.

फवारणीच्या औषधाचे डबे मी गोठ्यातून उचलले आणि सासूबाईंच्या पलंगाखाली ठेवले. दुसऱ्या दिवशी बघते तर त्यांनी विहिरीवरचा दोरही काढून आत आणून ठेवलेला. आम्ही दोघी एकमेकींशी या विषयावर एक अक्षर बोललो नाही. एकीनं काय लपवलं ते दुसरीला दिसायचं, एवढंच. फोन वाजला की दोघी एकदम उठायचो आणि कुणीच उचलायचं नाही.

तो मारत नव्हता. शिव्या देत नव्हता. गावातल्या बाया मला म्हणायच्या, "मारते का? नाई नं? मंग काय बाप्पा, आमच्यावालेपेक्षा बराच हाय." खरंच होतं ते. तो घरी यायचा, ओट्यावर बसायचा, चपला काढायला विसरायचा आणि नम्रपणे म्हणायचा, "जेवलीस का तू?" त्या नम्रपणाची मला फार भीती वाटायची. निरोप घ्यायला आलेल्या पाहुण्यासारखा तो घरात वागत होता. भांडला असता तर मी भांडले असते, माझं तोंड काही कमी नाही. पण असल्या माणसाशी भांडायचं कसं?

आणि न पिता आलेल्या दिवशीही सुख नव्हतं. त्याचे हात कापायचे, घाम फुटायचा, कोपऱ्यात कुणीतरी उभं आहे असं म्हणायचा. मी देव्हाऱ्यासमोर बसून मागणं काय मागावं तेच कळत नसे. पिऊ नको म्हणू की पिऊन तरी ये म्हणू?

किस्नाबाईंबद्दल सांगायला हवं. आमच्या धुऱ्यापलीकडे गोंडांची वस्ती आहे, तिथे त्या राहतात. नातवंडांशी गोंडीत बोलतात, आमच्याशी मराठीत. मोहाच्या दिवसांत वस्तीतल्या बाया पहाट फुटताच टोपल्या घेऊन निघतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून ठेवलेला असतो, म्हणजे काळ्या राखेवर पिवळी फुलं चटकन दिसतात. बाया घोळक्यानं जातात आणि मोठमोठ्यानं बोलतात. गप्पांची हौस म्हणून नव्हे. वाकून फुलं वेचणारं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, म्हणून आवाज करत राहावं लागतं. आमच्या या भागात दर मोहाला कुणाच्या तरी घरी रडारड होते.

त्या वर्षी असा एक दिवस आला की सुधाकर घरी आलाच नाही. झुंजुमुंजू झालं आणि किस्नाबाईंचा फोन आला. या वेळी मी उचलला.

"बाई, ये लवकर. तुह्या घरचा मानूस आमच्या झाडाखाली पडून हाय."

"कसा पडून हाय?"

त्या "तू ये," एवढंच म्हणाल्या.

सागाची वाळली पानं पायाखाली मोडत होती, त्या आवाजाचीही मला भीती वाटत होती. धुरा ओलांडला तेव्हा लांबूनच बाया दिसल्या. टोपल्या खाली ठेवून गोल उभ्या होत्या आणि बोलत नव्हत्या. मोहाखाली गप्प उभ्या असलेल्या बाया मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. मधे सुधाकर उताणा पडला होता. त्याच्या अंगावर फुलं पडली होती. छातीवर, केसांत, उघड्या हाताच्या तळव्यावर. एक पापणीवर होतं. मधमाश्या येऊन बसत होत्या. बाजूला दारूची प्लास्टिकची कॅन रिकामी पडलेली. कुणीही त्याला हात लावलेला नव्हता.

मला पुढे जाववेना. मी बघत नाही तोवर तो जिवंत आहे, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. मी तिथेच झाडाला धरून उभी राहिले. लुगड्याचा काठ दातात धरला होता, तो चावून मी भोक पाडलं, हे नंतर दिसलं.

किस्नाबाई पुढे झाल्या. उकिडव्या बसल्या, त्याच्या नाकासमोर हात धरला. किती वेळ धरला देव जाणे. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हाय वो. हाय."

मी पळत गेले आणि त्याच्याजवळ पोचण्याआधीच थांबले, कारण किस्नाबाईंनी माझं मनगट पकडलं होतं. त्यांनी बोटानं खाली दाखवलं. राखेत पाऊल उमटलं होतं. माझ्या पसरल्या हाताएवढं. त्याच्या पुढे आणखी एक, आणि मग ओळीनं, सुधाकरच्या डोक्याकडून पायाकडे, पायाकडून पुन्हा डोक्याकडे. त्यावर मोजकीच ताजी फुलं पडलेली होती. म्हणजे जाऊन फार वेळ झाला नव्हता.

"पाहून गेला," एक बाई पुटपुटली. दुसरीनं जमिनीला हात लावून कपाळाला लावला.

आम्ही त्याला हलवून उठवलं. किस्नाबाईंनी तोंडावर पाणी मारलं. त्यानं डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, ओळखलं. आणि म्हणाला,

"काऊन उठवलं मले?"

वाघाच्या पावलांनी मी तेवढी हादरले नाही जेवढी या तीन शब्दांनी. बाया होत्या म्हणून मी उभी राहिले. तेव्हापासून ते शब्द माझ्या अंगात शिरून बसले आहेत. पोळ्या लाटताना, बाजारात टमाटर तोलताना, एसटीत खिडकीशी बसल्यावर ते मधूनच उठतात. ज्या माणसाला मी उठवून आणलं त्याला उठायचं होतं की नव्हतं?

वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात तो बरेच दिवस होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला समजावून सांगितलं की ही सवय एकदम तोडली तर जीवावर बेततं, हात कापणं नि कोपऱ्यात माणसं दिसणं त्याचंच आहे, आणि हे औषधानं आवरता येतं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर, असं वाटून मी त्यांच्यासमोर रडले. त्यांनी मला रडू दिलं, मग पाणी दिलं. नंतर सुधाकर एका शाळेच्या खोलीत रविवारी जायला लागला. तिथे दारू सोडलेली आणि सोडू बघणारी माणसं गोल बसून बोलतात. तो काय बोलतो ते मी कधी विचारलं नाही. त्यानं कधी सांगितलं नाही. परत येताना सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं बी नाहीतर हिरव्या मिरच्यांची रोपं घेऊन यायचा आणि वाफ्यात जाऊन लावायचा.

तेव्हापासून तो प्यायलेला नाही. वांगी, पालक, सांभार पुन्हा नीट निघतात. लोक म्हणतात, सुटलीस बाई. मी हो म्हणते. पण मोह पडायला लागला की मी पुन्हा कान लांब करून बसते. तो अंगणात जरा जास्त वेळ उभा राहिला की मी काहीतरी निमित्त काढून बाहेर जाते. त्याला कळतं की नाही मला माहीत नाही. फार संशयी बाई झाले आहे मी. तो हसला तरी मला वाटतं, हा आज का हसला?

आणि आता मनोहरला बोलवायचं.

शोभा यंदा शिशिरात गेली. पोटाचं दुखणं होतं, उशिरा कळलं. बातमी आली तेव्हा मला तिचं ते 'तळ तू' आठवलं आणि मी चुलीपाशी बसून खूप रडले. मनोहर तेरवीपासून दिवसासुद्धा पितो असं कानावर होतं. त्यातून तो पाहुणा. त्यातून मानाचा. त्यानं सुधाकरला दिली होती तेव्हा सुधाकरनं घेतली होती, मग आता त्याला देणं सुधाकरकडे लागतं, हा हिशेब कुणी बोलून दाखवणार नाही पण सगळ्यांच्या मनात असणार. दिली नाही तर मनोहरचं मन मोडतं. दिली तर पेला सुधाकरच्या हातातून जातो. हातातून जाईल की हातात राहील?

"मांगच्या आंगनात खाट टाकू नोको," मनोहर यायच्या दिवशी सासूबाईंनी सकाळीच मला बजावलं. मी टाकली नाही. मनोहर आला, सुधाकरनं त्याला पाणी दिलं, आणि स्वतःच खाट उचलून मागे नेली. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

मनोहरचा शर्ट चुकीच्या बटणात लावलेला होता. दाढी वाढलेली, आणि आल्या आल्या वास आला. मला त्याचा राग यायला हवा होता. पण शोभा असती तर तिनं दारातच ती बटणं सारखी केली असती, हे मनात आलं आणि राग जमला नाही.

मी कढईत तेल तापत ठेवलं. आमच्याही स्वयंपाकखोलीला मागे खिडकी आहे. पुरी लाटायला घेतली पण तिला आकार येईना.

मग मनोहरचा आवाज आला.

"हाय का काई?"

"नाई," सुधाकर म्हणाला.

"अबे, मी तुले देल्ली होती."

"हो. देल्ली होती."

"मंग?"

"मंग काई नाई. तू बस. मी बसतो."

मनोहरनं काहीतरी शिवी दिली. खाट करकरली. तो उठून चालला असं मला वाटलं, आणि सुधाकर त्याच्यामागे जाईल, दोघे मिळून रस्त्याला लागतील, हे सगळं चित्र माझ्यासमोर उभं राहिलं. पण मनोहर उठला नव्हता, खाली जमिनीवर बसला होता.

"सुधा, झोप नाई येत बे. सयपाकखोलीत भांडं वाजल्यावानी होते. म्या उठून पाह्यतो, कोनी नाई राह्यत."

"मले मोटारीजवळून आवाज ये. केली म्हणून," सुधाकर म्हणाला. दीपकचं असं काही मी त्याच्या तोंडून आजवर ऐकलं नव्हतं.

आणि मनोहर रडायला लागला. हुंदके देऊन, तोंड उघडं टाकून, लहान लेकरासारखा. दुखवट्याला आलेला पुरुष रडताना मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. इतक्या अंगणांतून इतके पेले भरले गेले, पण रडायला कुणी कुणाला जागा दिली नव्हती. सुधाकर त्याला गप कर म्हणाला नाही. "रड," एवढंच म्हणाला.

मग जरा वेळानं, हळू, पण मला ऐकू येईल इतपत, तो बोलायला लागला.

"मी मोहाखाली पडलो होतो नं, तवा हिनं मले उठवलं. मी म्हणलं, काऊन उठवलं. आजबी सकाळी डोळे उघडले का पहिले भेव लागते, का आज पुन्हा तसंच वाटन. उठाव वाटनार नाई."

"रोज?"

"रोज. मोह पडला का जास्त."

"मंग काय करतं तू?"

"उठतो. पानी देतो."

"वहिनीले सांगतलं?"

"नाई," सुधाकर म्हणाला. "थे पहिलेच भेते. तिले अजून काऊन भेववू?"

मी गॅस बंद केला. तेल धुरावलं होतं. इतकी वर्षं मला वाटत होतं की या घरात भिणाऱ्या आम्ही दोघी बायकाच आहोत, आणि ज्याच्यासाठी भितो तो आपला वाफ्यांत रोपं लावत मजेत आहे. तो रोज सकाळी माझ्या शेजारी डोळे उघडत होता आणि भीत होता, आणि माझी झोपमोड नको म्हणून तसाच उठून जात होता. मी जागीच असायचे. डोळे मिटून, त्याच्या पावलांचा आवाज विहिरीकडे जातो की दुसरीकडे, ते ऐकत.

पिठाचे हात तसेच घेऊन मी मागच्या दारात गेले. पुरुषांच्या बैठकीत बायका जात नाहीत. सासूबाईंनी मागून "अवो" म्हटलं, पण अडवलं नाही. मनोहरनं मला बघून टॉवेलनं तोंड पुसलं. सुधाकर चपापला, मग खाटेवर बाजूला सरकला. मी बसले.

"मी आयकलं," मी म्हणाले.

त्यानं माझ्या पिठाच्या हातांकडे बघितलं.

"मलेबी भेव लागते," मी म्हणाले. "तुमचं किती हाय थे सांगा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग मनोहरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. आणि सांगायला लागला.